टेम्पोत मागे दोन खुर्च्या

पुढे

पुढे एकच जागा होती, म्हणून हे सगळं झालं.

म्हणजे एक ड्रायव्हरची आणि त्याच्या शेजारी एक. छोट्या टेम्पोत तेवढंच असतं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मारुंजीच्या आमच्या बिल्डिंगखाली नळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथे एक टेम्पो पाइप उतरवत उभा होता. आणि आम्हाला पौडच्या पुढच्या एका शाळेत न्यायला येणारी गाडी काही आलीच नव्हती.

आम्ही म्हणजे मी, वॉल्टर आजोबा आणि रूथ आजी. ते दोघं कॅनडाचे. त्यांच्या चर्चने दोन वर्षांसाठी पाठवलेले. इथे धर्माचं बोलायचं नाही, हातांनी काम करायचं, असं ठरवूनच आलेले. मुळशीतल्या शाळांमध्ये पाण्याचे फिल्टर बसवायचे, मुलांना हात धुवायला नळ लावायचे, आणि मग पुन्हा पुन्हा जाऊन ते चालू आहेत ना ते बघायचं. राहायला आमच्याच तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने. मी, गौतमी, त्यांची दुभाषी.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, गॅलरीतूनच टेम्पोवाल्याला हाक मारली. "ए पोरा, पौडाकडं जातुयास का?"

त्याने वर बघितलं. मग खाली बघितलं. खाली मी होते.

"न्हाई," तो म्हणाला. "पण जाईन."

मी पुढचं दार उघडून धरलं, आजींसाठी. आजींनी आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी मान हलवली, आणि मीच आदल्या आठवड्यात शिकवलेलं वाक्य आजींनी मला ऐकवलं. "आम्ही एकत्र बसतो."

किती समजावलं. मागे ऊन आहे, धूळ आहे, हाडं खिळखिळी होतील. ते दोघं नुसते हसत उभे. शेवटी अण्णांनी वरून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या पाठवल्या. टेम्पोवाल्याने त्या नायलॉनच्या दोरीने कठड्याला इतक्या घट्ट बांधल्या की आजोबांनी त्याची पाठ थोपटली. गल्ली गोळा झाली होती. सत्तरीच्या पुढचे दोन गोरे म्हातारे मांडीवर फिल्टरचे डबे घेऊन मखरात बसल्यासारखे बसले.

मग पुढे कोण बसणार?

मागे

तिसऱ्या मजल्यावर सकाळ लवकर व्हायची. दोघं गच्चीवर चालायचे, मग एकच पुस्तक मध्ये धरून वाचायचे, एक पान आजोबांनी, एक पान आजींनी. मग एक गाणं. आजोबांचा सूर असा की खालच्या मजल्यावर आमचा मोती उठून बसायचा.

चहा ते घेत नसत, कॉफीही नाही, त्यांच्या धर्मात बसत नाही. आता आमच्याकडे, मुळशीत, घरी आलेल्या माणसाने चहाला नाही म्हणायचं म्हणजे काय? पहिल्या महिन्यात चार घरं रुसली. आईने, लीलाबाईने, त्यावर तोड काढली. ती गावोगावच्या बायांना सांगून ठेवायची, त्यांना गूळपाणी द्या. तेव्हापासून हे दोघं जिथे जातील तिथे गूळपाणी पिऊन पिऊन डुलत परत यायचे.

आणि विचारत राहायचे. एकमेकांना. सारखं. मला ते इतकं आवडायचं. त्यांचे प्रश्न, आठवतात तसे:

पपईवर मीठ घालू?

पंखा दोनवर ठेवू की तीनवर?

तुला भिंतीकडची बाजू हवी का?

मी फार मोठ्याने गातो का? (इथे आजी खोटं बोलायच्या.)

तुझ्या आईचं नाव काय होतं… पुन्हा सांग ना.

शेवटचा ऐकून मला गलबलून यायचं. वयच झालं, विसरतात बिचारे. पण विचारण्यात काय गोडी. पन्नास वर्षांच्या संसारानंतरही इतकी अदब. असं काहीतरी आपल्याला मिळायला हवं — मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना हेच म्हणायचे. नाहीतर आमचे अण्णा. आईला त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला तो "जेवायला काय हाय?"

पुढे

त्याचं नाव साहिल. नांद्याचा. त्यांच्या शेताच्या तिन्ही बाजूंनी आता सोसायट्या आहेत आणि मधल्या तुकड्यात त्याची आई अजून मेथी लावते.

आमची नेहमीची गाडी दुसऱ्या दिवशी आली, पण आजोबांनी तिला परत पाठवलं. त्यांना टेम्पो आवडला होता. साहिलनेही आठवड्यातले दोन दिवस आमच्यासाठी राखून ठेवले.

गिअर माझ्या गुडघ्यापाशी. दर वेळी तिसरा टाकताना तो "सॉरी" म्हणायचा. पिरंगुटच्या चढावर तर नुसता सॉरीचा जप.

एकदा मी म्हटलं, हा आरसा माझ्याकडे कसा वळलाय?

"मागं आजी-आजोबा नीट हायेत का, ते दिसाया."

"ते तर मागच्या जाळीतून दिसतात."

"व्हय?" त्याने जाळीतून बघितल्यासारखं केलं. "मग आता रिकामा आरसा बरा दिसंल का?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर काही नव्हतं, एक म्हैस होती. तिच्याकडे इतक्या प्रेमाने मी कधी बघितलं नसेल.

तो हळू चालवायचा. मागे म्हातारी माणसं आहेत म्हणून, असं सांगायचा. मग ती शाळेत उतरल्यावर रिकामा टेम्पो वळवून लावतानाही तितकाच हळू का, हे मी विचारलं नाही. बोलणं तरी काय… भाताला यंदा पाणी चांगलं आहे, माणच्या चौकात कायम गर्दी, तुमी संगणकाची नोकरी का सोडली, तुमी म्हणू नका, मग काय म्हनू, तू म्हण. "तू," तो म्हणाला. एवढंच. आणि पुढे पौड येईपर्यंत गप्प. तो एक शब्द त्याने दोन हातांनी धरला होता, स्टिअरिंगसारखा.

पुढे (पण हे वेगळं)

भाद्रपदातली गोष्ट. भात पोटरीला आलेला. पाऊस नव्हता आणि होता, काचेवर नुसता ओलावा. घाटात आमच्यापुढे एक डंपर रांगत होता.

"तुला एक इचारायचं हाय," साहिल म्हणाला.

"विचार."

"आत्ता न्हाई. घाट हाय."

डंपर वळला. घाट उतरला. पुन्हा सपाटी आली, ती बरीच मागेही गेली.

"घाट संपला," मी म्हणाले.

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "माझ्याशी लगीन करशील का?"

मागून आजोबांच्या गाण्याचा आवाज येत होता. मी काही बोलले नाही. दुसऱ्या फेरीला त्याने पुन्हा विचारलं नाही, तिसऱ्यालाही नाही. फक्त आरसा सरळ करून ठेवला.

हे लिहायलाच हवं

मला तो आवडत होता. प्रश्न तो नव्हताच.

महाळुंग्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, अकराव्या मजल्यावर फ्लॅट, बोलणं सभ्य. नाही म्हणायला कारण सापडेना. अण्णांनी त्या लोकांना शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर शब्द द्यायचा. आमच्याकडे एकदा दिलेला शब्द कुणी परत घेत नाही, अण्णा तर नाहीच.

आणि साहिलला मी ओळखत होते किती? संक्रांतीपासून. तेही आठवड्यातले दोन दिवस, एका बाजूने. त्याचा डावा गाल मला पाठ होता. उजव्या गालाचं मला काय माहीत? माणूस एवढ्यावर होय म्हणतो का? माझ्यासमोर मागच्या दोन खुर्च्या होत्या. तसं व्हायचं तर माणूस आरपार कळलेला हवा, असं मला वाटायचं. तो कळेपर्यंत थांबावं म्हटलं तर शनिवार उद्यावर आलेला.

टेम्पो थांबलेला

शनिवारी सकाळची शाळा होती. परत येताना धरणाच्या पाण्याकाठी चाक बसलं. साहिल जॅक काढून खाली बसला. आजोबा मदतीला गेले, म्हणजे पाना उलटा धरून उभे राहिले. आजींनी खुर्च्या सोडवायला लावल्या आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून बसलो.

आज तू गप्प आहेस, आजी इंग्रजीत म्हणाल्या. मग मी सांगितलं. दोन्ही सांगितली, महाळुंग्याचं आणि हे चाकापाशी बसलेलं. दुपारी घरी काय होणार तेही. आणि विचारलं, तुम्हाला पन्नास वर्षं झाली, तुम्ही सांगा, माणूस कळला हे कळतं कसं?

आजी हसायला लागल्या. उचकी लागली. आजोबा पाना टाकून पाण्याची बाटली घेऊन आले, त्यांना पाणी पाजून परत गेले, तरी हसणं थांबेना.

"पन्नास?" त्या म्हणाल्या. "गौतमी, या ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

आजोबांची पहिली बायको ही आजींची मैत्रीण. ती गेली. आजींचे यजमान त्याच्या कितीतरी आधी गेलेले. प्रार्थनेला दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसायचे. एका हिवाळ्यात बर्फ फार पडलं, आजोबा आजींच्या दारातलं बर्फ काढायला आले, आणि दुसऱ्या दिवशी बर्फ नव्हतं तरी आले. मुलं म्हणाली, या वयात? आधी नीट ओळख तरी होऊ दे.

"मी मुलाला म्हटलं, माझ्याकडे तेवढा वेळ नाही. ओळख आणि लग्न, दोन्ही एकदमच करते."

लग्नानंतर दोन महिन्यांत ते विमानात बसले होते. आजोबा पालीला घाबरतात हे आजींना आमच्या तिसऱ्या मजल्यावर कळलं. आयुष्यभर गाई सांभाळलेला एवढा मोठा माणूस, स्टुलावर चढून उभा.

म्हणजे पपई. म्हणजे पंखा, भिंतीकडची बाजू, आईचं नाव. विसरत नव्हते ते… त्यांना सगळं नवीनच होतं. माझ्या डोळ्यांसमोर, रोज, ते एकमेकांना भेटत होते.

मग तुम्ही पुढे का बसत नव्हतात, मी विचारलं. इतक्या धुळीत.

आजींनी मांडीवरची धूळ झटकली. मग माझ्या घाईच्या मराठीला लाज वाटेल इतकं हळूहळू, शब्द वेचत, मराठीत म्हणाल्या, "मी पुढे, तो मागे. मग संध्याकाळी मी त्याला सांगणार, हे पाहिलं, ते पाहिलं. नको. आम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं… फार थोडं आहे."

मी फोन काढला. आजींसमोरच. चाकापासून चार पावलांवर.

अण्णा म्हणाले, "पावणं निगाल्यात महाळुंग्यातनं. तू कुटं हायेस?"

"अण्णा, त्यांना आज शब्द देऊ नका."

"का? पोरगं वाईट हाय का?"

"नाही, चांगलं आहे. पण मला साहिल हवाय. नांद्याचा. टेम्पोवाला."

पाना फिरायचा आवाज थांबला.

फोनमधून बराच वेळ फक्त आमच्या कुकरच्या शिट्ट्या येत राहिल्या.

"त्यो व्हय," अण्णा शेवटी म्हणाले. "आपल्या गल्लीतनं लई हळू चालवतो त्यो. मला वाटायचं इंजिन बिगाडलंय."

"इंजिन चांगलं आहे, अण्णा."

"आता कळलं." पुन्हा शिट्टी. "पावण्यास्नी जेवू घालून वाटंला लावतो. त्यांचं काय चुकलं न्हाई, त्यांच्याशी मी नीट बोलंन. आन् उद्या त्या पोराला घरी आण. व्हय म्हनत न्हाई मी अजून. तोंड तर नीट बगू दे. आईला मात्र तूच सांग. माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

मी फोन ठेवला. आजोबा आजींना खुणेने विचारत होते, काय झालं? आजी त्यांच्या कानाशी वाकल्या. आजोबांनी साहिलकडे बघितलं, आणि त्याच्या हातातला पाना काढून घेऊन उरलेले नट स्वतः आवळायला बसले.

पुढे

खुर्च्या पुन्हा बांधल्या. निघालो. पहिल्या वळणापर्यंत त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल.

मग एकदम सुरू झाला. "मी थोडा रागीट हाय. तुला आधीच सांगतो. राग फार टिकत न्हाई पण येतो. शेपू खात न्हाई. सकाळी उटवावं लागतं. आमची आई लई बोलते, मेथी निवडताना तर थांबतच न्हाई. आन् बारावीला मी एकदा—"

"साहिल."

"काय?"

भात वाऱ्याने एका बाजूला झुकत होता, मागे ते दोघं बोटाने एकमेकांना काहीतरी दाखवत होते. मी गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.

"सगळं आजच सांगू नकोस."

"मग कवा सांगू?"

"थोडं थोडं," मी म्हणाले. "पुरवून."