सात नंबरचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे. जिच्याबाबतीत घडली ती माझी थोरली आतेबहीण आहे, आणि तिनं आयुष्यात एकदाही थाप मारलेली मला आठवत नाही. थाप मारायला कल्पनाशक्ती लागते, आणि आमच्या अक्काला ती नाही, हे ती स्वतःच सांगते.

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते विसरा.

हे सगळं लख्ख दिवसाउजेडी घडलं. सोमवार ते गुरुवार, बरोबर चार दिवसांत.

अक्का विमानांच्या संग्रहालयात नोकरीला होती. जुन्या हँगरचंच संग्रहालय केलं होतं. उंच पत्र्याचं छप्पर, सिमेंटची गुळगुळीत जमीन आणि मधोमध एक छोटं, चांदीच्या रंगाचं विमान. देशात पहिल्यांदा बांधलेल्या दोन विमानांपैकी ते दुसरं. पहिलं तिसऱ्या उड्डाणातच कोसळलं होतं.

ते चालवत होते अक्काचे वडील.

अक्का तेव्हा नऊ वर्षांची होती.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्या एका खिळ्यावर टांगलेलं आहे. हँगरच्या भिंतीवर एक मोठा लाकडी फळा होता. त्यावर चाळीस हत्यारांच्या आकृत्या लाल रंगानं काढलेल्या. हातोडीच्या आकृतीवर हातोडी, पान्याच्या आकृतीवर पाना. प्रत्येक कारागिराकडे आपल्या नंबरचे पितळी बिल्ले. हत्यार न्यायचं तर त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला टांगायचा. म्हणजे काय नेलं आणि कोणी नेलं, हे एका नजरेत कळतं. उड्डाणाआधी मोजणी व्हायची. एक आकृती जरी मोकळी असली, हत्यारही नाही आणि बिल्लाही नाही, तर विमान जागचं हलवायचं नाही.

का? तर ते हत्यार विमानात राहिलेलं असू शकतं.

त्या दिवशी तेच झालं होतं. एक पाना आसनाखाली राहिला, हवेत घसरला, विमान वर-खाली करायच्या दांडीच्या बुडाशी अडकला. विमानाचं नाक वर येईना.

फळ्यावर पान्याच्या जागी बिल्ला होता… सात नंबरचा.

सात नंबर म्हणजे तिथला मुख्य कारागीर. त्या विमानाचे पंख त्यानं हातानं घडवले होते. चौकशीत तो एकच वाक्य बोलत राहिला, "मी मोजलं होतं. एक कमी होता." कोणी ऐकलं नाही. त्याला काढून टाकलं. हँगरला सील लागलं. तीन महिन्यांनी सील निघालं, त्याच दिवशी तो कसा कोण जाणे आत शिरला. संध्याकाळी पाचला फळ्यासमोर स्टुलावर बसलेला सापडला.

बसल्या जागी गेला होता.

"बरं झालं," अक्काची आई म्हणाली. अक्का हे ऐकतच मोठी झाली. तुझ्या बापाला सात नंबरनं खाल्लं. दुधाबरोबर पाजावं तसा तो राग तिला पाजला गेला.

तिला खरा आधार दिला तो मोठ्या साहेबांनी. मोठे साहेब म्हणजे ती दोन्ही विमानं बांधून घेणारे मुख्य अभियंते. त्यांनी तिला शिकवलं, पुढे नोकरीला लावलं. ती त्यांना वडिलांच्या जागी मानायची.

पन्नास वर्षं झाली. देशाचं विमानोड्डाण ज्यांनी उभं केलं त्यांच्यासाठी संग्रहालयात सन्मानाची भिंत करायचं ठरलं. पितळी पाट्या, त्यावर कोरलेली नावं. पहिलं मोठ्या साहेबांचं, दुसरं अक्काच्या वडिलांचं. पहिल्या यादीत बारा नावं होती.

बारावं सात नंबरचं होतं.

अक्का समितीसमोर ताडकन उभी राहिली. "हे नाव राहणार असेल तर माझ्या बाबांचं काढा. दोघं एका भिंतीवर राहणार नाहीत."

नाव कापलं गेलं. घरी येऊन अक्का पन्नास वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपली.

गुरुवारी समारंभ होता.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. संध्याकाळचे पाच वाजलेले. अक्का भिंतीपाशी पाट्या पुसत होती. पलीकडे रंगारीमामा शिडीवर गुणगुणत होते.

तेवढ्यात…

टण्.

खिळ्यावर पितळ आपटावं तसा आवाज.

ती फळ्याकडे गेली. पान्याची आकृती इतकी वर्षं मोकळीच होती, कारण तो पाना चौकशीवाल्यांनी नेला तो परत आलाच नव्हता. आज तिथं बिल्ला डुलत होता.

सात नंबरचा.

बिल्ले काचेच्या पेटीत असायचे. पेटीला कुलूप होतं. किल्ली अक्काच्या कमरेला होती.

"मामा, हा चावटपणा तुमचा?"

"कसला चावटपणा?" मामा शिडीवरून वाकले. "माझे दोन्ही हात रंगानं भरलेत अक्का. तिसरा असता तर पाठ खाजवली असती."

तिनं बिल्ला पेटीत ठेवला. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

मंगळवारी पुन्हा पाच वाजता…

या वेळी आधी आवाज आला. कोणीतरी मोजत होतं. दमलेला, कोरडा आवाज.

"एक… दोन… तीन…"

"मामा, ऐकू येतंय?"

"काय?"

"सदतीस… अडतीस… एकोणचाळीस…"

मग काहीच नाही.

चाळीस आलंच नाही.

टण्.

अक्काला भीती नाही वाटली. तिला संताप आला. "मेल्यावरही पाठ सोडत नाही मेला!" ती फळ्यासमोर जाऊन म्हणाली. "तुझं नाव मीच कापलंय. काय करायचं ते कर!" मग मामांना म्हणाली, "ही आकृती पुसून टाका. आत्ताच्या आत्ता. फळ्याच्या रंगात रंग."

मामांनी दोन हात दिले. आकृती नाहीशी झाली.

बुधवारी सकाळी ती तिथंच होती. लाल… आणि ओली.

मामांनी त्या आकृतीला बोट लावून पाहिलं. "अक्का, माझा रंग पोपडा धरेल, फिका पडेल. पण तो स्वतःच्या पायानं उठून जात नाही." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हा फळाच काढू या. मागं ओल असेल."

ओल असेल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

दोघांनी मिळून फळा उतरवला. मागच्या फटीतून एक चिठ्ठी जमिनीवर पडली. पिवळी, चार घड्या घातलेली. उड्डाणाआधी मुख्य कारागीर जी लिहायचा, ती.

तारीख बाबांच्या शेवटच्या उड्डाणाची.

"हत्यारे चाळीस. मोजली एकोणचाळीस. पाना नाही, त्याच्या जागी बिल्ला नाही. विमान सोडू नये. — ७."

खाली निळ्या शाईत एकच शब्द होता.

"सोडावे."

आणि सही. ती सही अक्काच्या नोकरीच्या कागदावर होती, तिच्या शाळेच्या बक्षिसांवर होती. मोठ्या साहेबांची.

अक्कानं चिठ्ठी पुन्हा वाचली. म्हणजे मोजणीच्या वेळी त्या खिळ्यावर बिल्ला नव्हताच. तो नंतर टांगला गेला. चिठ्ठी कोणी फाडू नये म्हणून सात नंबरनं ती इथं दडवली असणार. मग हँगरला सील लागलं. सील निघालं त्या दिवशी तो ती काढायलाच आला असेल का?

"काय लिहिलंय?" मामांनी विचारलं.

"काही नाही. जुनी रद्दी," अक्का म्हणाली आणि चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली.

लक्षात ठेवा. तो आतला कप्पा.

दुपारी फळा पुन्हा भिंतीवर चढला, आणि मोठे साहेब तयारी बघायला आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पण काठी फक्त शोभेला.

"काय पोरी, माझी पाटी सरळ लावलीस ना? तिरकी असली तर लोक म्हणतील म्हातारा घेऊन उडत होता!"

अक्का हसली नाही. "साहेब, त्या दिवशी पाना कोणी घेतला होता?"

"सात नंबरनं. बिल्ला त्याचाच होता ना?"

"तुमचा नंबर कुठला होता?"

"एक." ते हसले. "पण मला कशाला लागतोय बिल्ला? मला कोण विचारणार होतं?" मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जुनं उकरू नये बाळ. तुझ्या बाबांचं नाव माझ्या शेजारी आहे. आणखी काय हवं?"

चिठ्ठी पर्समध्ये होती. पर्स खांद्यावर होती.

अक्का गप्प बसली.

का, ते तिला आजही सांगता येत नाही. ज्या हातानं घास भरवला तो हात धरून चोर म्हणणं सोपं नसतं एवढंच ती म्हणते.

गुरुवारी सकाळी अकराला समारंभ सुरू झाला. खुर्च्या भरलेल्या. भाषणं झाली, पडदा सरला, अकरा पाट्या झळकल्या. फोटोवाला म्हणाला, साहेबांनी विमानात बसावं. टाळ्या पडल्या. साहेब शिडी चढून आसनावर बसले. त्यांना आधार द्यायला अक्का शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

तेवढ्यात…

"एक… दोन… तीन…"

तिनं खाली पाहिलं. लोक हसत होते, फोन उंच धरून फोटो काढत होते. कोणालाच ऐकू येत नव्हतं.

एक माणूस सोडून.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे फळ्याकडे लागले होते.

"थांबव त्याला," ते ओठ न हलवता म्हणाले.

"कोणाला, साहेब?"

"वीस… एकवीस…"

साहेबांचा हात दांडीवर होता. ती दांडी हळूहळू पुढे झुकायला लागली. आपोआप. त्या विमानात इंजिन नव्हतं. दांडीच्या तारा वीस वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या. साहेब दोन्ही हातांनी ती मागं ओढत होते, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या…

"वर येत नाहीये," ते पुटपुटले. "पोरी, नाक वर येत नाहीये…"

"तेहतीस… चौतीस…"

"मी घेतला होता! आसन घट्ट करायला मीच घेतला होता. विसरलो. खाली मंत्री थांबले होते… विमान पडलं तेव्हा त्याच्या कोटातून बिल्ला काढून मी टांगला… सांग त्याला, मी सांगितलं म्हणून…"

"एकोणचाळीस…"

मग शांतता. खाली लोक टाळ्या वाजवत होते.

आणि अगदी अक्काच्या कानाशी, समाधानानं, कोणीतरी म्हणालं,

"चाळीस."

टण्.

साहेबांची मान पुढे पडली.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. वय झालं होतं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, लाडक्या विमानात बसून गेले, भाग्यवान माणूस. त्यांना उचललं तेव्हा आसनाखाली एक गंजका पाना सापडला. चौकशीवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वी नेलेला. पान्यावर चौकशीचा शिक्काही होता.

आणि फळ्यावर, पान्याच्या खिळ्याला, एक नंबरचा बिल्ला डुलत होता.

अक्कानं त्याच संध्याकाळी चिठ्ठी संचालकांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. बरीच पत्रापत्री झाली, हस्ताक्षरं तपासली गेली. अखेर पहिली पाटी उतरली. सात नंबरची पाटी लागली, अक्काच्या वडिलांच्या शेजारी. पन्नास वर्षांत कोणी त्याला ज्या नावानं हाक मारली नव्हती, ते त्याचं खरं नाव. अक्कानं ती स्वतःच्या हातानं बसवली आणि म्हणाली, "चुकलं माझं. आता मोजू नका."

मोजणी थांबली. फळ्याकडून पुन्हा कधी आवाज आला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

पाटी लावून अक्का घरी आली. पाच वाजले होते. तिनं चष्म्यासाठी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात, जिथं ती चिठ्ठी दोन दिवस दडवली होती तिथं, काहीतरी गार बोटांना लागलं.

सात नंबरचा बिल्ला.

तिनं तो पेटीत नेऊन ठेवला. तीनदा. तिन्ही वेळा तो परत आला.

मी तिची समजूत घातली. "अक्का, आठवण म्हणून दिला असेल. क्षमा केली असेल त्यानं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मास्तर असताना मी वर्गातल्या ढ मुलाकडे पाहायचो.

"तुला पद्धत कळलीच नाही रे. बिल्ला कोणी देत नसतं. काहीतरी नेलं, की त्याच्या जागी टांगतात."

तेव्हापासून ती शोधते आहे. कपाटं झाली, भांडी झाली, जुने फोटो झाले. सगळं जागच्या जागी आहे. सात नंबरनं तिचं नेमकं काय नेलं, ते तिला अजून सापडलेलं नाही.

गेल्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. माझी लेक, जावई, नातवंडं, सगळे जमलो होतो. पाच वाजले तशी अक्का बोलता बोलता थांबली. एकेकाकडे बोट न करता, नुसत्या नजरेनं ती आम्हाला मोजत होती. तिचे ओठ हलत होते.

शेवटच्या माणसापाशी ती अडखळली.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी विचारलं नाही. पण ती गेल्यावर दार लावलं, आणि मीही सगळ्यांना एकदा मोजलं.