नाडीकिरण

चुंबकांच्या कड्यात सूर्याचा एक कोवळा तुकडा अधांतरी फिरत होता, आणि काचेआडून वैजयंतीबाई त्याच्याकडे उभ्या आयुष्याच्या मायेनं बघत होत्या.

"बंद करू ना, मॅडम?" अन्वर मुल्लानं विचारलं. अणुसंमीलन केंद्राचा हा तरुण मुख्य अभियंता. त्या तापलेल्या तुकड्याची, म्हणजे प्लाझ्माची, वीज आज प्रथमच किनाऱ्यावरच्या गावांत जाणार होती, त्यामुळे सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

बंद करायचा होता तो बाईंचा नाडीकिरण. कोट्यवधी अंश तापलेल्या प्लाझ्मात तापमापक बुडवायची सोय नाही. क्षणात त्याची वाफ व्हायची. म्हणून बाई लेसरचे ठोके आत सोडत, आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश बाहेर येऊन ताप सांगे. सारख्या अंतरानं मोजलं तर प्लाझ्मातली एखादी लहर नेमकी मधल्या फटीतून निसटते, म्हणून त्यांनी ठोके झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन अशा विषम अंतरांत बसवले होते. लहानपणी तबला शिकल्याचा तेवढाच उपयोग, असं त्या थट्टेनं म्हणत. आता मोजायचं काही उरलं नव्हतं. आज त्या निवृत्त होणार होत्या. निरोपाची शालही देऊन झाली होती. त्यांना वाईट वाटत होतं, पण अभिमान त्याहून जास्त होता.

"कर बंद. चालू दे त्याला आपल्या पायांनी."

अन्वरनं कळ दाबली. जांभळा उजेड थरथरला आणि मावळला.

किरणासह पुन्हा पेटवला, तर प्लाझ्मा स्थिर. किरण काढला की विझला!

"चुंबक ठीक, इंधन ठीक," अन्वर रडवेला झाला. "त्या किरणात असून असून जोर किती? फुंकरीएवढा!"

बाईंनी बोटांवर मात्रा मोजल्या. "फुंकरच रे. प्रत्येक ठोका इलेक्ट्रॉनांना जरासा ढकलतो. सारख्या ठोक्यांनी प्लाझ्मा विझवणाऱ्या लहरीचा झोका चढत गेला असता. झपतालानं ती उठता उठताच मोडते."

"म्हणजे इतकी वर्षं आपण मोजलं ते..."

"आपण बघत असतानाचं त्याचं वागणं. एकटा कसा असतो, कुणाला ठाऊक! बघायला जावं, तर शहाण्यासारखा वागणार."

नाडीकिरण पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं खाली खाडीकाठच्या गावांत दिवे लागले, आणि अन्वरनं आनंदानं टाळ्या वाजवल्या.

"मग किरण बंद कधी करायचा, मॅडम?"

 शाल मांडीवर घेऊन बाई काचेसमोर बसल्या. गुडघ्यावर बोटांनी आपोआप ठेका धरला: धी ना, धी धी ना. तो थांबवायची त्यांना भीती वाटत होती.