आतल्या झाकणावरचं नाव

मले, महादेवराव घड्याळजीले, घड्याळ ओळखता आलं नाही, असं धरमपेठेत कोणी म्हणून दाखवावं! पण ऐंशीच्या मे महिन्यात, भर दुपारी, एका जुन्या स्विस खिशातल्या घड्याळानं माझं डोकं पार पिकवलं होतं.

ते घेऊन अंजनाबाई नंदनवन वस्तीतून आली होती. तिचा नवरा देवाजी दिवाळीपासून बेपत्ता. कळमेश्वरच्या रस्त्याले एका तळ्यात प्रेत सापडलं. चेहरा काही राहिला नव्हता, खिशात फक्त हे घड्याळ. आपलं घड्याळ 'बोनार'चं आहे, हे देवाजी गावभर सांगत फिरे. म्हणून ठाणेदार म्हणाला, बनवणाऱ्याचं नाव महादेवरावकडून पक्कं करून आणा. बोनार निघालं तर देवाजी मेला. नाही तर बाईचं कुंकू शाबूत.

तबकडी कोरी होती. आतल्या चांदीच्या झाकणावर नाव कोरलेलं, पण घासून घासून गेलेलं. भिंग लावलं, चुना चोळला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली. काही नाही! शेवटी आमच्या धंद्यातली युक्ती केली. झाकणावर तोंडाची वाफ सोडली की घासलेली अक्षरं क्षणभर दिसतात. पण त्या उन्हात चांदीच एवढी तापली होती, का वाफ धरेचना. फुंकून फुंकून मले घेरी आली.

"काहून तरास करून राहिले जी?" अंजनाबाई म्हणाली. "नसंल निघत तर राहू द्या."

"राहू कसं द्या? मी काय इथं माशा मारून राहिलो?"

झाकण टेबलावर आपटलं अन् घाम पुसू लागलो. बाहेर लू वाहत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अन् दुकानात ओल्या गाळाचा वास आला.

झाकण धूसर झालं.

मी हात लावला नव्हता. ती समोरच्या बाकावर, चांगली दोन हात लांब. वाफ चढली, ओसरली, पुन्हा चढली... कोणी वाकून श्वास सोडत असावं तशी. त्या वाफेत अक्षरं उठली. बोनार. जिनिव्हा.

मी झाकणाकडे बोट केलं. "बाई... हे..."

ती उठली. पदरानं झाकण पुसलं. पुन्हा वाफ चढली. पुन्हा पुसलं. पदर ओला झाला. मग माझ्या खांद्याच्या जराशी वर नजर लावून ती हळूच रागावली, "कोणी विचारलं तुम्हाले? काहून दाखवून राहिले? ...चाला घरी. गुपचूप चाला."

वाफ थांबली. चांदी कोरडी ठणठणीत.

"पाहा महादेवराव," आता ती माझ्याशी बोलत होती. "नाही निघत नाव. ठाण्यात तसंच सांगजा."

एवढं स्पष्ट नाव मी उभ्या जन्मात वाचलं नव्हतं, अन् तेच सांगता येऊ नये! अशी चीड आली... पण मी मान हलवून होकार दिला, झाकण बसवून घड्याळ तिच्यापुढं सरकवलं.

तिनं घड्याळ कमरेले खोचलं अन् दारात जाऊन छत्री उघडली. स्वतःच्या डोक्यावर नाही धरली. डाव्या बाजूले, हात पुरेल तेवढी उंच धरली, अन् स्वतः उन्हातून चालत गेली.