गुरुवारी अस्वस्थ होणारे खेकडे

त्यांची पहिली नजरानजर झाली तेव्हा तिच्या हातात खेकडा होता आणि त्याच्या हातात तेलाची बुधली.

"हवेचा पंप कुठंय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या डोक्यामागे."

तो वळला आणि डोकं पंपावरच आपटलं. तिला हसू फुटलं. पण हातात खेकडा असताना हसायचं नसतं, पकड सैल होते. तिची सैल व्हायला सुरुवात झाली ती तिथूनच.

प्रयोगशाळेत तीन टाक्या होत्या. पहिलीतल्या खेकड्यांना खायला आणि हवा, दोन्ही भरपूर. दुसरीतले उपाशी, आणि त्यांच्या पाण्यातला प्राणवायूही मुद्दाम कमी केलेला. तिसरी साधी टाकी. तिथले उपाशी, पण हवा पूर्ण; बाकीच्यांची तुलना यांच्याशी. प्रत्येकाच्या पाठीवर, बरोबर हृदयावर, बारीक तार चिकटवलेली. ठोके संगणकावर आपोआप उमटायचे. ती दोन वर्षं तेच बघत होती.

"खेकड्यांच्या काळजाची एवढी काळजी," ताई फोनवर म्हणायची, "तुझ्या काळजाचं कोण बघणार गं?"

"त्याला तार नाही लावलेली, ताई."

पंपवाल्याचं काम सोपं होतं. दर गुरुवारी दुपारी यायचं, तेल घालायचं, दहा मिनिटांत जायचं. दुसऱ्याच गुरुवारी तो तासभर थांबला.

"आवाज बरोबर नाही," पंपाला कान लावून तो म्हणाला. पंप खरंच गुरगुरत होता.

"मग?"

"ऐकावा लागेल... नीट. तुम्ही बोलत राहा, त्याला बरं वाटतं."

"पंपाला?"

"पंपालाच. दुसऱ्या कुणाला काय पडलंय."

मग ती बोलत राहिली. जेवल्यावर खेकड्याचे ठोके वाढतात, रक्त पचनाकडे धावतं.

"माझंही तसंच," तो म्हणाला. "जेवलो की डोक्याकडे थेंब येत नाही."

"आणि हवा कमी पडली की ठोके मंदावतात."

"भरल्या पोटी कमी पडली तर?"

"तर पचन राहतं बाजूला. आधी जीव... बाकी सगळं मग."

"बिचारा," तो म्हणाला. "घास मिळाला, पण अंगी लागला नाही."

त्याच्या भुवईवर तेलाचा ठिपका होता. सांगावं की आपणच पुसावा — हे ठरेपर्यंत तो निघून गेला. तिनं आठवडाभर त्या ठिपक्याचा विचार केला.

पुढचे सगळे गुरुवार पंप गुरगुरला. काम आटोपलं की पाच वाजता दोघं कोपऱ्यावर चहा प्यायला जात. आता अडचण एवढीच, की साध्या टाकीचा उपवास सुटायचा सहाला, मोजणी संपल्यावर. सहाला खायला घालायचं तर पाचचा चहा हुकणार. मग दर गुरुवारी ती चारलाच घालू लागली. दोन तासांनी काय आभाळ कोसळणार होतं?

आभाळ कोसळलं नाही. आलेख मात्र कोसळला. दर गुरुवारी दुपारी साध्या टाकीतले ठोके खाली यायचे. तिला आधी आपल्या चारच्या खाऊचीच शंका आली, पण लगेच जीव भांड्यात पडला, कारण खाल्ल्यावर ठोके चढतात आणि हे तर उतरत होते. म्हणजे दोष आपल्या खाऊचा नव्हे. मग दुसरं कारण शोधणं आलं. तिनं ते शोधलं आणि अकरा पानं लिहिली: खेकड्यांना आठवड्याची लय असते, आणि ते गुरुवारी अस्वस्थ होतात.

मार्गदर्शक मॅडम हरखल्या. "भरती-ओहोटी कळणारे प्राणी पाहिलेत," त्या म्हणाल्या, "वार कळणारा हा पहिलाच." त्या अकरा पानांवर तिला मोठ्या संस्थेत नोकरी मिळणार होती. पानं सोमवारी पाठवायची होती.

आदल्या गुरुवारी तिनं ती त्याला वाचून दाखवली. चौथ्या पानाला त्याचा चेहरा उतरला.

"ऐक ना... पंपाला काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"आल्यावर मी एका टाकीच्या हवेचा कॉक जवळजवळ बंद करतो. हवा तुंबते, पंप गुरगुरतो. जाताना उघडतो." तो पान्याशी चाळा करत राहिला. "दहा मिनिटं पुरत नव्हती मला. तुझ्यासाठी."

"कुठल्या टाकीचा?"

"कडेची ती साधी. म्हटलं, तिथं काही चालू नसतं."

ती स्टुलावर बसली. तिला रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं. "तू हवा तोडलीस. मी खायला घातलं. सहाऐवजी चारला... तुझ्याबरोबर चहाला जाता यावं म्हणून."

"म्हणजे दोघांनी मिळून."

"दोघांनी मिळून."

प्रेमाची कबुली एवढीच झाली. त्यानं तिचा हात धरला. तेलकट, उबदार. तिनं सोडवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत उभी राहिली.

"चूक झालीय. गुरुवारचे आकडे खोटे आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "चूक कुणाची?"

दोन वर्षं, नोकरी, ताई... सगळं एका श्वासात डोळ्यांपुढून गेलं, आणि श्वास कमी पडला.

"पंपवाल्याची," ती म्हणाली. "तो कॉक बंद करायचा."

पुढचं वाक्य पोटात तसंच पडून राहिलं.

अकरा पानं केराच्या टोपलीत गेली. नोकरी हुकली. पण मॅडमनी तिला आणखी एक वर्ष दिलं, कारण तिचा काही दोष नव्हता. पंपवाल्याचं येणं बंद झालं. त्याला त्याच्या साहेबांसमोर उभं केलं तेव्हा तो एवढंच म्हणाला म्हणे, "हो, मीच केलं." खाऊचं नाव त्यानं काढलं नाही. तिनं केलेले फोन त्यानं उचलले नाहीत.

पुढच्या गुरुवारी नवा माणूस आला. तेल घातलं, हात पुसले.

"आवाज ठीक आहे?" तिनं विचारलं. "नीट ऐकलात?"

"पंपाचं काय ऐकायचं, मॅडम?" तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "हां, आधीच्यानं निरोप दिलाय. म्हणाला, साध्या टाकीला सहाच्या आधी खायला घालू नका."

त्याला आत येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

ती सहापर्यंत टाकीसमोर बसून राहिली. आलेख सरळ होता.