पाणकोंबड्यांसाठी लावलेली टेप

काम तसं अर्ध्या तासाचं होतं. स्पीकरची बॅटरी बदलायची आणि उजेड असेपर्यंत परत यायचं. पाळणाघर रंगकामासाठी बंद होतं, म्हणून भिंगरीलाही बरोबर घेतलं. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं चार. हे नाव तिच्या आजीनं पाडलं, कारण ती एका जागी ठरत नाही. आठ-नऊ हाका मारल्याशिवाय येत नाही, आणि आली की "आले नाऽऽ" असं लांबवते, जणू आपल्यावर उपकारच केलेत.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून ठेवते. गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते. तेव्हा पुढचं ऐकताना त्यातलं काही माझ्या स्वभावाच्या नावावर टाका. मी स्वतः बरेच दिवस तेच करून पाहिलं.

माझा नवरा धरणाच्या वीजघरात कामाला आहे. धरणानं दरी बुडवली, तिच्यात एक मोठं पाणथळ होतं, तेही गेलं. त्याच्या बदल्यात तसंच पाणथळ दुसरीकडे तयार करणाऱ्या तुकडीत मी आहे. "तू बुडव, मी रुजवते," असं मी त्याला म्हणायची. जलाशयाच्या वरच्या टोकाला आम्ही तळी खणली, पाणकणसं लावली, चालायला फळ्यांची वाट केली. चार वर्षांत सगळं हिरवंगार झालं, पण पाणकोंबडी एकही उतरली नाही.

शेवटी साहेब म्हणाले, जुना आवाज लावून बघू. दरी बुडायच्या आधी कुणीतरी तिथल्या पाणकोंबड्यांचे आवाज टेप करून ठेवले होते. ते रोज तिन्हीसांजेला वाजवायचे. पक्ष्यांना वाटतं, इथे आपलं कुणीतरी आहे, आणि ते येतात. शेजारी दुसरं यंत्र ठेवायचं, कुणी उत्तर देतंय का ते रात्रभर टिपायला. टेपमधली खरखर काढून आवाज साफ करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते केलं भिंगरीला ताप असताना, एका हातानं तिच्या कपाळावरची पट्टी बदलत. टेपच्या शेवटी, पक्ष्यांच्याही मागे, लांबवर एक बाई कुणाला तरी हाका मारत होती. "ये गंऽ... अंधार पडला... ये गंऽ..." इतकं पुसट होतं, की म्हटलं राहू दे. पाणकोंबड्यांना काय कळतंय.

त्या संध्याकाळी फाटकावर राखणदार काका उभे होते. काका त्या दरीत बुडालेल्या गावचेच.

"बाई, टेपमधनं ती हाक काढा."

"तुम्हाला ऐकू आली?"

"आमच्या शेजारीण होत्या त्या. सगळं गाव ट्रकांत बसलं आणि यांची मुलगी कुठं खेळायला गेली ती आलीच नाही. तीन दिवस हाका मारल्या त्यांनी. चौथ्या दिवशी पाणी आलं."

"मग? सापडली?"

काका फाटकाची कडी उघडत राहिले. "दहा दिवस झाले, तुम्ही रोज बोलावताय तिला. सकाळी फळ्यांवर ओली पावलं असतात." त्यांनी बोटांनी माप दाखवलं. एवढंसं.

"ऊद असेल, काका, पाणमांजर." माझं शिक्षण असली उत्तरं द्यायलाच झालंय.

"असेल. पण ऊद काही असा टाच टेकवत चालत नाही."

फळ्यांवरून आम्ही स्पीकरपर्यंत गेलो. धुकं पाण्यावरून सरकत आलं आणि दहा पावलांपलीकडचं दिसेनासं झालं. मी बॅटरी जोडली, आणि टेप सुरू झाली. वेळ झालीच होती. पाणकोंबड्या ओरडल्या, थांबल्या, परत ओरडल्या. मग ती बाई.

"ये गंऽ... अंधार पडला..."

"आई," भिंगरी मागून म्हणाली, "ती कुणाला बोलावते?"

"कुणाला नाही गं. टेप आहे."

"पण ती येतेय..."

मी वर पाहिलं. वारा अजिबात नव्हता. पाणकणसं मात्र हलत होती, सगळी नाही, एका ओळीत. एकेक दांडा बाजूला होत होता आणि परत जागेवर येत होता. ती ओळ आमच्याकडे येत होती. वास आला, वर्षानुवर्षं न उपसलेल्या टाकीच्या तळाला असतो तसा, गाळाचा. मी वायर ओढून काढली.

सगळं गप्प झालं. मी वळले, तर मागे फळी रिकामी.

"भिंगरी!"

"आले."

आणि माझ्या हातात एक छोटा हात आला. गार पडला होता. मी तिला उचललं, तोंड खांद्यात दाबलं आणि पळत सुटले. गाडीत बसवलं, घर येईपर्यंत मागे पाहिलं नाही. घरी तिला गरम पाण्यानं अंघोळ घातली. जेवली, झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टिपणाऱ्या यंत्रातला आवाज ऐकायला बसले. साहेब मागे उभे होते. सुरुवातीलाच, टेपला उत्तर देणारी खरीखुरी पाणकोंबडी! साहेबांनी टाळी वाजवली आणि फोन करायला बाहेर गेले. मी पुढचं ऐकत राहिले. माझी हाक. "आले." पळणारी पावलं. गाडीचं दार, इंजिन, दूर जाणारा आवाज. मग बराच वेळ फक्त पाणी.

मग अगदी यंत्राजवळ, चिडून, लांबवत: "आले नाऽऽ, आई..."

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी आणि काका कमरेइतक्या पाण्यात एकेक दांडा बाजूला करून शोधत होतो. काका एकदाही 'काय शोधतोय' म्हणाले नाहीत. सात पाणकोंबड्या दिसल्या. दुसरं काही नाही.

"धुक्यात आवाज फिरतो," नवरा म्हणाला. "आणि पोरगी समोर बसलीय तुझ्या. ती दूध पितेय. आणखी काय पाहिजे तुला?"

खरं आहे. गुडघ्यावरचा व्रण जागेवर आहे. कानामागचा तीळ आहे. मी पाहिलंय, तीनपेक्षा पुष्कळ जास्त वेळा.

टेपमधून त्या बाईंची हाक मी काढून टाकली. आता तिन्हीसांजेला टेप संपली की फळ्यांच्या टोकाला उभी राहून मी स्वतः हाका मारते. आठ, नऊ, कधी वीस. काका फाटक उघडं ठेवतात.

घरी मात्र मला घसा ताणावा लागत नाही. मी नुसतं "भिंगरी" म्हणते, आणि पहिल्याच हाकेला ती येऊन माझ्याजवळ उभी राहते.