शेजारी कोण पाहिजे

धम्मप्रिया लसींचा डबा खांद्याला अडकवून उपकेंद्रावर आली, तेव्हा एक अनोळखी माणूस तिच्या दाराशेजारी स्टुलावर उभा राहून भिंतीवर निळी रेघ ओढत होता.

"अहो, काय करून राहिलात? सरकारी भिंत आहे ती."

तो दचकला. ब्रशवरचा एक थेंब तिच्या पांढऱ्या ओढणीवर पडला. दोघंही त्या थेंबाकडे बघत राहिले.

"माफ करा… मीपण सरकारचंच काम करतोय," तो खाली उतरत म्हणाला. "मागच्या पुराचं पाणी कुठवर चढलं, त्याची खूण मारून ठेवतोय. जरा इथं उभ्या राहता का?"

"कशाला?"

"राहा तर."

ती का उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. रेघ तिच्या डोक्याच्या वीतभर वर होती.

"तुम्ही बुडाल्या असत्या," तो गंभीरपणे म्हणाला.

"मी तेव्हा इथं नव्हते. माझी बदली नंतर झाली."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि जास्तच बोलून गेल्यासारखा घाईनं पुन्हा स्टुलावर चढला.

त्याचं नाव सोमेश. लातूरच्या एका संस्थेतून आला होता. राज्यभरच्या नदीकाठच्या गावांसाठी पूर-आराखडा तयार होत होता… गोदावरीपासून थेट कृष्णेपर्यंत. कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरतं, म्हाताऱ्या-पोरांना कुठं न्यायचं, कोणती घरं उंचावर हलवायची, हे सगळं गावकऱ्यांसोबत बसून ठरवायचं होतं. धर्माबादच्या पुढं, गोदावरीच्या अगदी कुशीत असलेलं येसगाव त्यात होतं.

धम्मप्रिया तिथली नर्स. मूळची नांदेडची. आई गेल्यावर तिकडचं घर बंद झालं होतं. भाऊ पुण्यात, सणावाराला फोन करायचा. उपकेंद्रामागच्या खोलीत ती एकटी राहायची. दिवसभर बायाबापड्या नाडी दाखवायला हात पुढे करायच्या. संध्याकाळी दार लावलं की ताटात चमचा वाजायचा, तेवढाच काय तो आवाज.

आता आठवड्यातून एकदा उपकेंद्राच्या ओसरीवर सोमेशची बैठक भरू लागली, आणि धम्मप्रिया त्या दिवशी उगाचच केसांना नीट तेल लावू लागली.

बैठका मात्र धड होईनात. नदीकडची गल्ली गायरानावर हलवायची म्हटलं की लोक उठून जायचे.

"पाणी येतंय न् जातंय," नागुबाई म्हणायची. नवरा गेलेली, एका म्हशीवर संसार चालवणारी बाई. "त्याच्यापायी आम्ही माळावर जाऊन पडावं व्हय?"

एकदा असंच सगळे निघून गेले. धम्मप्रियानं त्याच्यापुढं चहा ठेवला.

"रागावलात?"

"न्हाई. तिचं खरं आहे." त्यानं कप हातात धरून ठेवला. "मी किल्लारीचा. नव्या किल्लारीचा… भूकंपानंतर जन्मलो. घरं चांगली मिळाली, रस्ते रुंद. पण आईच्या गल्लीतल्या बाया कुठल्या कुठं विखुरल्या. पूर्वी चुलीपुढून हाक मारली तरी शेजारीण यायची म्हणे. नव्या गावात आईनं हाक मारायचीच सोडून दिली."

"आणि वडील?"

"ते गेले. ती एकटीच असते आता."

 धम्मप्रियानं त्याच्या कपात आणखी चहा ओतला, न विचारता.

पुढच्या बैठकीत सोमेशनं गायरानाचं नावही काढलं नाही. ओसरीवर खडूनं चौकोन आखले आणि विचारलं, "समजा, सगळी गल्ली सोबतच गेली. मग तुम्हाला शेजारी कोण पाहिजे?"

लोक वाकून चौकोनांकडं बघू लागले. मग नागुबाईनं पदर सावरला. "लिंबाजी शेजारी नको. लई घोरतो."

"म्या घोरतो?" कोपऱ्यात बसलेला लिंबाजी म्हणाला. "हिची म्हैस रातभर वरडती, त्याचं?"

"समोर असू द्या मग," नागुबाई म्हणाली. "माणूस दिसत तरी ऱ्हाईल."

ओसरी हसली. मग बोटं चौकोनांवरून फिरू लागली. इथं आम्ही, इथं जाऊबाई, मधे हातपंप. सगळे तयार झाले असं नाही. पण उठून कुणी गेलं नाही.

लोक पांगल्यावर तो खडू झटकत म्हणाला, "उपकेंद्रही वर जाईल. तुम्हाला शेजारी कोण पाहिजे, मॅडम?"

"मला…" तिनं खाली बघितलं. "जरा गप्पा मारणारं कोणी असलं तरी चालेल."

"जरा?"

"पुष्कळ."

त्याचे कान लाल झाले. हेल्मेट शोधण्यात त्यानं बराच वेळ घालवला. ते त्याच्या हातातच होतं.

भाद्रपदात पूर आला. येसगाववर आभाळ कोरडं होतं, पण नदीच्या वरच्या अंगाला दणकून पाऊस झाला, धरणाचे दरवाजे उघडले आणि दुपारी पाणी शेतातून चालत गल्लीकडं निघालं. या वेळी मात्र ठरलेलं होतं. भोंगा वाजला, ट्रॅक्टर लागले. धम्मप्रियानं आधी बाळंतीण आणि अंथरुणाला खिळलेली माणसं शाळेवर पोचवली. मोजदाद केली तर नागुबाई नव्हती.

ती म्हशीच्या गळ्यात हात टाकून गोठ्यात उभी होती. पाणी गुडघ्यावर आलेलं.

"मी न्हाई येत हिला टाकून."

"टाकायचं कुणी म्हणलं?" मागून आवाज आला. धर्माबादहून मोटारसायकल पळवत आलेला सोमेश पाण्यात उतरला होता. त्यानं म्हशीचा दोर धरला, धम्मप्रियानं नागुबाईला. गल्लीच्या तोंडाशी पाणी कमरेला लागलं, धम्मप्रियाचा पाय घसरला, आणि त्यानं तिचं मनगट धरलं… घट्ट. शाळेच्या कोरड्या पायरीवर पोचल्यावरही त्याच्या लक्षात आलं नाही, की आता सोडायला हरकत नाही. तिनंही आठवण करून दिली नाही.

माणूस एकही गेला नाही. काही घरं बसली. शाळेच्या व्हरांड्यात खिचडी शिजत होती.

"धम्मप्रिया…" तो पहिल्यांदाच मॅडम न म्हणता बोलला.

"बोला."

"काही नाही. थंडी वाजते का?"

तिनं मान हलवली. आणि वाट बघत राहिली.

दिवाळीनंतर संस्थेनं सोमेशला सांगलीला धाडलं. तिकडं कृष्णाकाठची गावं होती. ती धर्माबादच्या स्टँडवर त्याला सोडायला गेली.

"त्या दिवशीचं अर्धवट राहिलेलं बोलणार आहात का?"

त्यानं नजर गाडीच्या पाटीकडं वळवली. "आई एकटी आहे. तिचे देव, तिचे भाऊबंद… तुमचं नाव सांगितलं की घरात काय होईल, ते मला ठाऊक आहे. धीर होत नाही."

"माझं नाव घ्यायला धीर लागतो तर."

"कमी माझ्यात आहे," तो म्हणाला. "नावात नाही."

गाडी गेली. ती येसगावात परतली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि खोलीतला दिवा लावायचाही तिला कंटाळा आला.

हिवाळ्यात गायरानावर पाये खोदले गेले. नागुबाईच्या समोर लिंबाजीचा पाया आला; दोघं मधल्या रस्त्यावर उभे राहून आत्तापासूनच भांडत होते. धम्मप्रिया बघून हसायची, आणि हसू कुणाला सांगावं हे न कळून गप्प व्हायची. फोनवर सोमेशचं रोज यायचं, 'जेवलात का?' ती लिहायची, 'हो.' त्यापुढं दोघांनाही सुचत नव्हतं.

एका शनिवारी तिनं सुट्टी टाकली. नांदेड, लातूर, आणि तिथून जीपनं किल्लारी. रुंद रस्ता, एकसारखी घरं, मधे मोकळी जागा. विचारत विचारत ती एका अंगणात पोचली. सोमेशची आई, कस्तुराबाई, सुपात तूर पाखडत होती.

"कोण गं?"

"मी धम्मप्रिया. येसगावहून आले. सोमेशच्या…"

"हापिसातली हायस का?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझं मन आहे त्यांच्यावर. त्यांना तुम्हाला सांगायला जमत नव्हतं… म्हणून मी आले."

कस्तुराबाईचं सूप थांबलं. तिनं पोरीला नीट न्याहाळलं. धुळीनं भरलेल्या चपला, घट्ट धरलेली पिशवी.

"नावावरनं कळतंय मला सगळं," ती म्हणाली. "फोनवर तुमच्या गावचं लई सांगतोय त्यो. नदीचं कमी, दवाखान्याचं जास्त."

धम्मप्रियाला हसावं की रडावं कळेना.

"मला एकदम जमंल असं न्हाई, बाई. भाऊबंद बोलतील. मीबी काहीबाही बोलून जाईन."

"बोला. मी ऐकून घेईन."

"ऐकून कशाला घेतीस? उलट बोल. या घरात दिवस दिवस कुणी बोलत न्हाई." ती उठली. "आधी भाकर खा."

जेवण झाल्यावर कस्तुराबाईनं फोन लावला. "सोमेश, तुझी नर्सबाई आली हाय. तू कवा येतूस?" आणि उत्तराची वाट न बघता फोन धम्मप्रियाच्या हातात दिला.



"धम्मप्रिया… तुम्ही एकट्या गेलात?"

"हो."

"माझं… माझं तुमच्यावर प्रेम आहे. पहिल्या दिवसापासून. मीच यायला पाहिजे होतं तुमच्या आधी."

"फोनचा आवाज मोठा आहे. आई ऐकतायत."

"ऐकू द्या," तो म्हणाला. "मी निघालो. सकाळी पोचतो."

कस्तुराबाई तोंड फिरवून तूर भरत होती. अंधार पडल्यावर तिनं घरातून बाज ओढत अंगणात आणली.

"भूकंपापासनं छपराखाली मला झोप येत न्हाई. थंडी असू दे का काय असू दे, मी भाईरच निजते. तुझं आत अंथरते."

"नको," धम्मप्रिया म्हणाली, आणि भिंतीशी उभी असलेली दुसरी बाज उचलून तिच्या बाजेशेजारी आणून टाकली.