पिठावरची पावलं

"ठेवा. आधी खाली ठेवा त्यांना!"

मी दचकलेच. ॲप्रनच्या झोळीत मांजरीची तीन पिल्लं घेऊन मी मागच्या अंगणात उभी होते, आणि समोर, बेकरीच्या मागच्या दारात, कोपरांपर्यंत पीठ माखलेला तो.

माझं आणि मावशीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आणि त्याची बेकरी, दोन्हींची मागची दारं याच अंगणात उघडतात. तरी आमचं बोलणं आजवर 'पाव ताजा आहे का?' आणि 'हो' याच्या पुढे गेलं नव्हतं. मावशीने त्याचं नाव मैदोबा ठेवलं होतं. दुकानातही ती अधूनमधून मला टोकायची, "अगं, दोन माणसांना रोज एवढा पाव लागतो कशाला?"

"चिंध्यांच्या खोक्यात सापडली," मी म्हटलं. "आई सोडून गेलीय यांना."

"तुम्हाला सांगून गेली?"

बोलता येत होतं तर!

तो जवळ आला. वाकून, हात न लावता बघत म्हणाला, "पोटं कशी टम्म आहेत बघा. रडतही नाहीत. आई खायला शोधायला गेली असेल. आपण इथे उभे असेपर्यंत ती यायची नाही."

"पण आता माझा हात लागला ना… मावशी म्हणते, माणसाचा वास आला की मांजर पिल्लांना टाकते."

"तेवढ्यावरून नाही टाकत." तो हसला. हसला की त्याच्या भुवयांवरचं पीठ गळतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी पिल्लं परत खोक्यात ठेवली. त्याने आतून मूठभर पीठ आणलं आणि खोक्याभोवती पातळ रिंगण घातलं. "आता तुम्ही तुमच्या कामाला, मी माझ्या. ती येऊन गेली तर पावलं उमटतील. नाहीच आली, तर मग उचलायचं. पण आधी थांबायचं."

थांबणं! सुईत दोरा ओवला जायच्या आत ओढणारी मी. पँटची शिवण उसवताना दर दोन मिनिटांनी खिडकीशी जात होते. पलीकडच्या खिडकीत तोही दिसायचा. आमची नजर भेटायची, आणि दोघेही घाईघाईने खोक्याकडे बघायचो… दुपार कलल्यावर पीठ बघायला गेलो, तर गोल, नाजूक पावलं आत गेलेली आणि बाहेर आलेली. मला उगाचच रडू आलं. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्यानंतर आम्ही रोज मागच्या दाराच्या पायरीवर बसू लागलो, मांजरीचं निमित्त करून. मग एका संध्याकाळी पाऊस भुरभुरू लागला आणि मांजरीने घर हलवायला घेतलं. मानेला धरून एक पिल्लू नेलं, मग दुसरं, बेकरीत, भट्टीमागच्या उबेला. तिसऱ्यासाठी मात्र ती येईचना.

"येईल," तो म्हणाला. "थोडं थांबू."

थांबलो. चिंध्या भिजल्या. मी पिल्लाच्या पोटाला बोट लावलं. गार!

"पुरे झालं तुमचं थांबणं," म्हणत मी त्याला उचललं आणि स्वेटरच्या आत छातीशी धरलं. "दूध आणा."

"दूध नको. गारठलेल्याला आधी ऊब, बाकी सगळं मागून. आणि गाईचं तर नकोच, बाधतं." मग तो पुटपुटला, "मी… मी उगाच थांबलो."

पिल्लू हळूहळू वळवळू लागलं. मग आम्ही ते भट्टीमागे नेऊन ठेवलं. मांजर आमच्यावर फिस्कारली, पिल्लाला हुंगलं आणि चाटायला लागली. आमचे खांदे एकमेकांना टेकले होते, आणि दोघांपैकी कुणीच हललं नाही.

तेव्हा मी सांगून टाकलं, "मोठ्या शहरातल्या कपड्यांच्या कंपनीत नोकरी मिळतेय मला. शनिवारी सकाळी त्यांचा फोन येईल. हो किंवा नाही सांगायचंय."

तो वाकून भट्टीतले निखारे सारू लागला. "…चांगलं आहे," म्हणाला.

चांगलं आहे! बस्स? मी तरातरा घरी आले. मावशीला म्हटलं, मी जातेय. मावशीने चष्म्यावरून पाहिलं.

शुक्रवारी रात्री मी मागच्या दाराबाहेर मांजरीसाठी खाणं ठेवलं. आपलीच मांजर खाते की भलताच बोका ताव मारतो, ते कळावं म्हणून भोवती पीठही भुरभुरलं. शिकवलेलं विसरते थोडीच!

शनिवारी सकाळी दार उघडलं. बाजूने मांजरीची पावलं होती. आणि मधोमध बुटांची. बेकरीकडून माझ्या दारापर्यंत आलेली, तिथे घुटमळलेली, परत फिरलेली… पुन्हा आलेली, पुन्हा परत. दुसऱ्या कुणाला पायाखाली पीठ लागलं असतं तर लगेच कळलं असतं. याच्या पायाखाली जन्मभर पीठच! याला काय कळणार?

"अहो!" मी हाक मारली. तो दारात आला. मी खाली बोट दाखवलं. त्याने पाहिलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"मांजरीला बघायला…"

"मांजर तुमच्या भट्टीमागे राहते. ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?"

"दार वाजवणार होतो," तो म्हणाला. "मग वाटलं, तुमची एवढी चांगली संधी… आपण मध्ये हात घालू नये. लांबूनच बघावं."

"मी काय मांजरीचं पिल्लू आहे?" मी म्हटलं. "आणि असले तरी… गारठले होते मी परवापासून."

तो पुढे आला. आपलीच पावलं तुडवत, सगळं रिंगण मोडत, थेट उंबऱ्यापर्यंत.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे… जायचं असेल तर जा. मीही येईन. पाव काय, सगळीकडे लागतो."

त्याचं ते 'नकोस' ऐकलं आणि मी हसता हसता रडायला लागले. त्याने डोळे पुसले माझे, आणि सगळा चेहरा पिठाने भरवला.

आत फोन वाजला. मावशीने उचलला आणि ओरडून विचारलं, "अगं, कंपनीचा आहे! काय सांगू?"

मी जरासुद्धा थांबले नाही. "नाही येत म्हणून सांग! मला इथेच राहायचंय!"

आत मावशी फोनवर काहीतरी बोलली. मग फोन ठेवल्याचा आवाज, आणि पाठोपाठ मावशीचा.

"मग त्या मैदोबाला आत बोलाव. आणि म्हणावं, पाय पुसून ये."